बरं हाय, साहेब

बाळांनो,

मी मराठीत लिहिते आहे याचं तुम्हाला नवल वाटेल. आयुष्यभर मी सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि तुमच्या वाढदिवसांची पत्रंही इंग्रजीतच पाठवली. पण आज जे सांगायचं आहे त्यातली माणसं इंग्रजीत बोलली नव्हती. त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ती दुसरीच कुणी माणसं वाटायला लागतात. मी दोनदा करून पाहिलं आणि कागद फाडले. तुमच्या आईने चिकाटीने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं त्याचा आज उपयोग होऊ दे. अडलं तर तिला विचारा. बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला मात्र सांगू नका.

आत्ताच का, ते आधी सांगते. थोरले, परवा तू फोनवर रडलीस. तुझ्या युनिव्हर्सिटीतला एक गट उंच डोंगरावर जाणार आहे, तिथे विरळ हवेत माणसाच्या शरीराचं काय होतं याचा अभ्यास होणार आहे, आणि ज्यांचं रक्त, झोप, श्वास तपासले जाणार त्यांत तुझी निवड झाली आहे. बाबा नुसतं "नाही" म्हणाला आणि उठून गॅरेजमध्ये गेला. तेव्हापासून तुम्ही दोघं एका घरात राहून बोलत नाही. तू मला म्हणालीस, "आजी, तो स्वतः डॉक्टर आहे. त्याला तरी कळायला हवं."

त्याला कळतं. तू दुपट्यात होतीस तेव्हा तो हेच काम करत होता. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. रविवारी मी त्याला विचारलं, की मी मुलांना लिहू का? तो म्हणाला, "लिही. मला नाही जमत."

तुमचा बाबा लष्करात डॉक्टर होता एवढं तुम्हाला ठाऊक आहे. लडाखमधल्या एका उंच तळावर त्याची बदली झाली. उंचीचा सैनिकांच्या शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास तिथे चालू होता आणि त्यातला एक भाग त्याच्याकडे होता. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला म्हटलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतात तसं मला सांग. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने सांगितलं. हवेतला प्राणवायूचा वाटा वर गेलं तरी तेवढाच असतो. पण हवाच विरळ होते, म्हणून प्रत्येक श्वासातून कमी मिळतो. शरीर हळूहळू जुळवून घेतं. श्वास वाढतो, रक्त दाट होतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो. तरीही काहींचं डोकं दुखतं, मळमळतं, आणि त्यांतल्या एखाद्याच्या मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी भरतं. कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही.

"तेच शोधतोय," तो म्हणाला.

"धडधाकट माणसाला काही होत नसेल ना?" मी विचारलं. माझं माहेर कराडकडच्या मलकापूरजवळचं. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, आणि तालमीत कमावलेलं शरीर कुठेही टिकतं अशी आम्हा सगळ्यांची समजूत.

"धडधाकटालाही होतं. तो थांबत नाही म्हणून कधी कधी लवकर होतं."

त्याच्या कामातली एक अडचण त्याने त्याच वेळी सांगितली. रक्तातला प्राणवायू बोटाला चिमटा लावून मोजता येतो, नाडी मोजता येते, पण डोकं किती दुखतं हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं. डोकं दुखतं का, मळमळतं का, थकवा आहे का, गरगरतं का? काहीच नसेल तर शून्य आणि असह्य असेल तर तीन. एवढ्या साध्या प्रश्नांवर सगळा अभ्यास उभा असतो. तिथे ते हिंदीत विचारले जायचे, आणि आपल्याकडची पोरं ताठ उभी राहून एका शब्दात उत्तर देऊन मोकळी व्हायची.

तेव्हा बाबाच्या मनात आलं की आपल्या गटात सातारा-सांगलीकडचेच जवान घ्यावेत आणि त्यांना त्यांच्याच बोलीत विचारावं. ही बोली त्याला उत्तम येते हे तुम्ही कधी ऐकलं नसेल. त्याच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या माझ्या माहेरी गेल्या. परत यायचा तो 'हाय' आणि 'न्हाई' घेऊनच, आणि मी ते जूनभर दुरुस्त करत बसायची. वरून फोन करून म्हणाला, "आई, ज्या भाषेवरून तू मला रागवायचीस, तिनेच माझं काम होतंय. पोरं मोकळी बोलायला लागलीत." त्याच्या आवाजात जो आनंद होता तो मला आजही ऐकू येतो.

त्या गटात इस्लामपूरजवळच्या एका गावचा जवान होता. उसाची थोडी जमीन, वडील लहानपणीच गेलेले, घरी एकटी आई. पैलवान गडी, कान मोडलेले, मान खांद्यात बसलेली. आपल्याकडे रीत अशी, की फौजेतला एक सुट्टीवर आला की परत जाताना आजूबाजूच्या चार घरांचे डबे त्याच्याबरोबर जातात. बाबा सुट्टी संपवून निघणार होता, त्यामुळे ह्या जवानाची आई आधी माझ्याकडे आली, तो स्वतः नंतर. एसटीने विश्रामबागला उतरून पत्ता विचारत आली होती. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि तिळाचे लाडू. मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवते हे तुम्हाला माहीत आहे. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, "बाई, नाव कशाला लिवताय? झाकन उगडलं की त्याला वळकू येतंय." मी तरीही लिहिलं. ती हसली आणि चहा बशीत ओतून प्यायली. त्यानंतर तिचं येणं सुरू झालं.

पुढच्या वर्षी तो जवान आणि बाबा एकाच वेळी सुट्टीवर आले. गावच्या यात्रेचं कुस्त्यांचं मैदान जवळ आलं होतं. बाबासाठी त्याने गावाकडचं तूप आणलं होतं आणि आमच्या हॉलमध्ये तो खुर्चीच्या कडेवर बसला होता. बाबाने तो बोटाचा चिमटा घरी आणला होता. थोरले, तुझ्या, माझ्या, कामवाल्या बाईंच्या, सगळ्यांच्या बोटाला तो लावून झाला होता. जवानाने आपण होऊन बोट पुढे केलं.

"साहेब, हितं पास का मी?"

"पास-नापास नसतं रं ह्यात. किती येळा सांगू?"

"मग मार्क कशाला देताय?"

"ते मार्क न्हाईत. तरास किती हाय त्याचा आकडा हाय त्यो."

"शून्य म्हंजे चांगलं न्हवं?"

"शून्य म्हंजे तरास न्हाई."

"मग आमी शून्यवालेच साहेब. शाळेत बी शून्य, हितं बी शून्य. फकस्त हितं शाबासकी मिळतीया." आणि माझ्याकडे वळून, "काकू, तुमी मास्तरीन असून साहेबांस्नी एवडं सोपं गनित शिकवलं न्हाई व्हय?"

आम्ही सगळे हसलो. बाबा सगळ्यांत जास्त. तू त्याच्या मांडीवर बसून चिमट्याचा लाल दिवा पकडायला बघत होतीस. जवानाने तुला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तू त्याचा मोडलेला कान धरून बसलीस. "साहेब, यात्रेला या न्हवं," तो बाबाला म्हणाला. "आईनं सांगितलंय, साहेबाला घिऊन ये, पुरनपोळी करतीया." बाबाला तेव्हा पुण्याला जायचं होतं. "पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणाला.

बाबा आधी परतला, जवान यात्रा आटोपून नंतर. सुट्टीसाठी खाली येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सवय करावी लागते. शरीर आधीची सवय फार दिवस जपून ठेवत नाही. म्हणून त्याला मधल्या उंचीवर नेमाप्रमाणे थांबवून मग वर आणलं. त्यात कुणीही घाई केली नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोक वेगवेगळं बोलले.

वर आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाने नेहमीप्रमाणे सगळ्यांना तपासलं. हे मला त्याने नंतर, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. जवानाच्या बोटाचा आकडा कमी दिसत होता. जवानाने बोट काढून दोन्ही हात चोळले. "गार पडल्यात साहेब बोटं. लोखंड धरलं हुतं." बोटं गार असली तर यंत्र चुकतं, हे खरंच आहे. पुन्हा लावल्यावर आकडा थोडा वर आला, पण पुरता नाही.

"डोकं दुखतंय का रं?"

"न्हाई."

"दम लागतोय?"

"न्हाई साहेब. यात्रेत दोन कुस्त्या मारून आलोय."

"खरं सांग."

"तुमच्याम्होरं खोटं बोलीन व्हय?"

बाबाने शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासायचं ठरवलं आणि पुढच्या माणसाकडे वळला.

सकाळी जवान बसून होता. त्याला आडवं होता येत नव्हतं. कोरडा खोकला होता आणि छातीला कान लावायच्या आधीच आतला आवाज ऐकू येत होता. ढग खाली आलेले, हेलिकॉप्टर येण्यासारखं नव्हतं. प्राणवायू लावून त्याला गाडीतून खाली न्यायला निघाले. खाली उतरणं हाच त्यावरचा खरा इलाज असतो. बाबा त्याच्या शेजारी बसला होता. वाटेत त्याने विचारलं, "कसं वाटतंय रं?" जवान मास्कच्या आतून म्हणाला, "बरं हाय, साहेब."

खालच्या दवाखान्यापर्यंत तो पोचला नाही.

पुढे चौकशी झाली. बाबावर ठपका आला नाही. त्याने नेमाप्रमाणे सगळं केलं होतं असं लिहून आलं. ते त्याने मला वाचून दाखवलं, कागदाची घडी घातली, आणि पुन्हा कधी त्या निकालाबद्दल बोलला नाही. पण त्याला पहिल्या दिवसापासून एका गोष्टीचं उत्तर हवं होतं. तो पोरगा आपल्याशी खोटं का बोलला? त्या दोघांत प्रेम होतं. मला ते दिसलं होतं.

तेरावा झाल्यानंतर बाबा रजा घेऊन आला आणि आम्ही दोघं जवानाच्या घरी गेलो. तुझी आई येते म्हणत होती, पण धाकटा तेव्हा तिच्या पोटात होता. ऊस तोडायला आला होता, दोन्ही बाजूंनी रस्त्यावर झुकलेला. घरासमोर गावाने फोटो लावला होता, हार वाळला होता. जवानाच्या आईने घोंगडं अंथरलं, पाणी दिलं आणि समोर बसली. रडली नाही. माझ्याशीच आधी बोलली, प्रवासाचं विचारलं. मग बाबाकडे बघून म्हणाली, "साहेब, एक इचारू?"

"विचारा."

"त्याला तरास व्हायला लागला, तवा त्यो तुमास्नी बोलला न्हाई?"

"मी विचारलं होतं," बाबा म्हणाला. "रोज विचारायचो. त्या दिवशीही विचारलं. डोकं दुखत नाही म्हणाला."

"आपल्या बोलीत इचारायचा न्हवं तुमी? त्यो सांगायचा मला फोनवर. आमचं साहेब आमच्यावानी बोलत्यात म्हनायचा."

"हो. आपल्याच बोलीत."

एखाद्या पोराच्या खाण्यापिण्याच्या खोडी सांगाव्या तशी ती म्हणाली, "मग कसा सांगंल त्यो? आपल्या मानसाम्होरं रडगानं गायचं म्हंजे त्याला मरनाची लाज. परका डाक्टर असता तर बोलला असता बगा. उसाच्या टायमाला एकदा ट्रॉलीची फळी पडली पायावर. आमी समदे हुतो. लागलं का रं? तर न्हाई म्हनला. सांजंला जोडा काडला, तर आत रगत."

बाबा घोंगड्याकडे बघत होता. आपली बोली वापरली की माणूस मोकळं बोलेल, हे त्याने शोधून काढलं होतं. माणसं मोकळी बोलायचीही. यात्रा, बैल, कुस्त्या, बहिणीचं लग्न, सगळं सांगायची. फक्त दुखतं तेवढं सांगायची नाहीत, कारण आता ते साहेबाला सांगणं राहिलं नव्हतं, घरच्या माणसाला सांगणं झालं होतं. आपल्याकडे फौजेतली माणसं घरच्यांना हे कधीच सांगत नाहीत. माझ्या वडिलांनी सांगितलं नाही, माझ्या भावांनी नाही. हे मला जन्मापासून ठाऊक होतं आणि बाबालाही. पण दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही, की ते त्या चार प्रश्नांनाही लागू आहे.

तिला त्याचा चेहरा दिसला असावा. "आवं साहेब, तुमास्नी बोल लावत न्हाई मी," ती म्हणाली. "तुमी इचारलं. इचारनारं तरी कोन असतंय तितं?"

निघताना ती उंबऱ्यापर्यंत आली. "आज जेवा म्हनत न्हाई. माझ्या हातनं चूल पेटत न्हाई अजून. म्होरल्या यात्रेला या. पोळ्या करीन. त्यो तुमास्नी आननारच हुता."

"येईन," बाबा म्हणाला.

गाडी गावाबाहेर आल्यावर त्याने ती बाजूला थांबवली. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "आई, मी दुसऱ्या कुणाला विचारायला लावलं असतं तर..." वाक्य पुरं केलं नाही. मी इतकी वर्षं वाक्यं पुरी करायला शिकवली, पण त्या दिवशी मलाही ते जमलं नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला जागा द्यायला आम्ही पुढे निघालो.

त्याने एक काम केलं. अभ्यासाचा अहवाल देताना त्यात लिहिलं, की जवानाला त्याचा त्रास त्याच्या ओळखीच्या, गावाकडच्या माणसाने एकट्याने विचारू नये. सोबत परका माणूस असावा, आणि 'काही नाही' या उत्तरावर थांबू नये. ते कुणी मनावर घेतलं की नाही, मला माहीत नाही. मग मुदत संपल्यावर तो लष्करातून बाहेर पडला आणि तुम्हाला घेऊन परदेशातल्या अशा शहरात गेला, जिथली सगळ्यांत उंच जागा म्हणजे गाड्या लावायची इमारत.

सांगलीला तुम्ही येता तेव्हा पुण्याहून सरळ रस्ता इस्लामपूरवरून आहे. तुमचा बाबा दर वेळी कराडला गाडी डावीकडे वळवायला सांगतो आणि तुम्ही विटा-तासगावकडून येता. धाकट्याला त्या वळणांवर उलटी होते, तो दर वेळी विचारतो की हा रस्ता का, आणि बाबा म्हणतो इकडून गर्दी कमी. त्या रस्त्यावर ते गाव लागत नाही, एवढंच.

यात्रेला तो गेलेला नाही. एकाही वर्षी नाही.

थोरले, तुझ्यावर तो रागावलेला नाही. तुझं नाव त्या यादीत आलं म्हटल्यावर त्याला ती तपासणीची दुपार आठवली असणार, बाकी काही नाही. तू जा किंवा जाऊ नको, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. जाणार असशील तर एवढंच, की डोकं दुखलं तर दुखतं म्हणायचं. विचारणारा तुला आवडत असला, तुझा मित्र असला, तुझ्यामुळे सगळ्यांना खाली उतरावं लागणार असलं, तरी म्हणायचं. हे तू बाबाला आधीच कबूल कर, आणि त्याच्या शेजारी बसून कर. गॅरेजमध्ये गेला तर तिथे जा.

आणि त्याला हेही सांग, कारण मी सांगितलं तर तो विषय बदलतो. जवानाची आई आता थकली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे विश्रामबागला येते, माझ्याकडे जेवते, दुपारभर पडते. जमीन दिराची मुलं बघतात. मुलाच्या खोलीत तिने धान्याची पोती ठेवली आहेत, कारण जागा लागते, आणि त्याबद्दल ती कुणाची माफी मागत नाही. मी विचारते, तब्येत कशी आहे, तर म्हणते गुडघं दुखत्यात, डोळ्याला दिसत न्हाई, रातीला झोप न्हाई. ती मात्र सगळं सांगते. दर वर्षी यात्रेच्या आधी तिचा फोन येतो. मी हॅलो म्हणायच्या आधी ती बोलायला लागते, "बाई, साहेब आल्यात का हो औंदा?" मी नाही म्हणते. ती म्हणते, "असूं द्या. पोरं ल्हान असतील."

तुम्ही आता लहान नाही. ती आहे, तिचं घर आहे, गावची यात्रा अजून भरते, आणि तुमच्या बाबाला तिथे जेवायला बोलावणं आहे.